हुकाला माल असताना

टॉवर क्रेनच्या शिडीला एकशे बेचाळीस पायऱ्या होत्या, आणि त्या सगळ्या ती आज सकाळची पहिली लघवी दाबून धरत चढली. हसू नका. घरी संडास एक, माणसं सात, आणि पाच मिनिटं झाली की दाराबाहेरून सासूबाई विचारणार, "काय गं, बरं नाही का?" त्या घरात गुपित ठेवण्यापेक्षा ते चाळीस मीटर वर नेणं सोपं होतं. वरच्या केबिनमध्ये तिच्याशिवाय कुणी येत नसे.

टेस्ट तिनं एकदा करून पाहिली होती, पाळीच्या तारखेला चार दिवस बाकी असताना. एकच रेघ आली आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग तारीख उलटली, वर आठवडा गेला. छाती दुखायला लागली, कॉफीच्या वासानं मळमळायला लागलं, जेवता जेवता डोळे मिटायला लागले. शेवटी दवाखान्यातल्या सिस्टरला तिनं "माझी एक मैत्रीण आहे" असं म्हणून विचारलं. सिस्टरनं अशा मैत्रिणी ढिगानं पाहिल्या होत्या.

"मैत्रिणीला सांग, चार दिवस आधी केली तर त्या पट्टीला काय स्वप्न पडणार आहे? पाळी चुकल्यावर करायची, सकाळच्या पहिल्या लघवीत. आणि मैत्रीण कामाला कुठे असते?"

ते मात्र तिनं सांगितलं नाही.

सगळी गोम कामातच होती. गरोदर बाईनं वर चढायचं नाही, हा कंपनीचा नियम. नियमाशी तिचं भांडण नव्हतं. काल दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा हुक रिकामा होता म्हणून निभावलं. आज चढायला नको होतं हे तिलाही कळत होतं. भांडण होतं ते खाली उतरल्यानंतरच्या गोष्टीशी. तिच्या आधीची ऑपरेटर बाळंतपणापुरती म्हणून स्टोअरमध्ये बसली. "तुमची खुर्ची कुठे पळून जाते?" असं फोरमन तिला तोंडी म्हणाला होता. तिचा मुलगा आता दुसरीत आहे आणि ती अजून हेल्मेटं वाटते.

ही खुर्ची मिळवायला हिनं सहा वर्षं घातली होती, चार खाली माल बांधण्यात आणि दोन परीक्षेत नापास होण्यात. म्हणून तिनं मनाशी पक्कं केलं होतं. दिवस गेले असतील तर त्याच दिवशी उतरायचं, पण आपणहून, आणि परत आल्यावर खुर्ची माझीच असा सहीचा कागद घेऊन. स्लॅबचा आठवडा होता आणि दुसरा ऑपरेटर मिळत नव्हता. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात. एका सहीपुरतं गाढव व्हायला तिची हरकत नव्हती.

नवऱ्याला तिनं अजून काही सांगितलं नव्हतं. तो खाली उभा राहून तिला सिग्नल द्यायचा. दिवसभर दोघं एकमेकांना दिसायची, पण बोलायचं तर वॉकीटॉकीवर, आणि त्यावरचा शब्द न् शब्द सगळ्या साइटला ऐकू जायचा.

केबिनमध्ये शिरताच तिनं प्लास्टिकच्या डब्यात लघवी धरली, पट्टी त्यात बुडवली आणि खिडकीच्या कडेला ठेवली. पाच मिनिटं थांबायचं होतं. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला.

"सळया बांधल्यात. उचल," नवरा म्हणाला.

दीड टनाची मोळी तिनं अलगद उचलली आणि नवव्या मजल्याकडे फिरवली. तिथली माणसं अजून तयार नव्हती. "थांब जरा," नवरा म्हणाला. हुकाला माल असताना नजर हलवायची नाही, हे तिनं इतरांना शिकवलं होतं. नजर हललीच. पट्टीवर दोन रेघा होत्या.

आधी आनंद झाला, खोटं कशाला बोला? मग सहीचा कागद आठवला.

"बाई," फोरमनचा आवाज आला, "उद्यापासून नवीन ऑपरेटर येतोय. संध्याकाळी चावी ऑफिसात ठेवून जा."

"नवीन? आणि मी कुठे चाललेय?"

"स्टोअरला. तुमचे यजमान काल फॉर्म भरून गेले ना, गरोदर असल्याचा. तुमच्या जागी सहीपण त्यांनीच केली. म्हटलं, घरचंच काम आहे. नवा माणूस उद्याच येतोय, म्हणून आज तेवढं चढू दिलं."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तू सही केलीस?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"अगं, कॉफी सोडलीस, ताटावर पेंगतेस. आईनं तर दिवस मोजलेत. आणि काल तू खाली उतरलीस तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. काळजीपोटी केलं."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

ती नाहीच म्हणाली असती, कागद मिळेपर्यंत तरी. आता दुसरा माणूसही मिळाला होता आणि सहीही झाली होती. फोरमनला तिचे पाय धरायचं कारणच उरलं नव्हतं. तिला संताप आला, रडू आलं, आणि ते दोन्ही गिळायला लागलं याचा आणखी संताप आला. तिनं बटण दाबलं.

"मला दिवस गेलेत," ती सावकाश म्हणाली. "हे मला आत्ता कळलं. तुम्हा सगळ्यांना काल कळलं."



"अभिनंदन, बाई," फोरमन म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. "आता तेवढ्या सळया उतरवा. माणसं खोळंबलीत."

दीड टन लोखंड हवेत लटकत होतं. ते तसं सोडून उठता येत नव्हतं. नवव्या मजल्यावर चार माणसं हात वर करून उभी होती. तिनं बाहीनं डोळे पुसले आणि दांडा हातात घेतला. खाली तिचा नवरा पालथा पंजा हलवून तिला दाखवत होता, हळू, हळू.