तोंड उघडलं की ठिणगी

मी तोंड उघडलं की ठिणगी पडते. ही बढाई नाही, माझा धंदाच तो आहे.

मी एका जुन्या मोटारसायकलचा पॉइंट. इंजिनाच्या बाजूला बशीएवढं गोल झाकण असतं, दोन स्क्रूंनी बसवलेलं. त्याच्या आत मी राहतो. मला दोन ओठ आहेत, मसुराच्या दाण्याएवढे. एक जागचा हलत नाही, दुसरा स्प्रिंगवर. आतला दांडा फिरला की त्याचा उंचवटा मला ढोसतो, ओठ विलग होतात आणि त्याच क्षणाला तिकडे प्लगमध्ये ठिणगी पडते. दोन ओठांत फट किती हवी? जाड पत्रिकेच्या कागदाएवढी. कमी नको, जास्त नको. गाडीचा सगळा रुबाब त्या फटीवर.

हल्ली मला बघून लोक नाक मुरडतात. "अहो, अजून पॉइंटवर चालवता? इलेक्ट्रॉनिक बसवून टाका की!" जसं काही मी घरातला ढेकूण आहे. तर ऐका. मला एकदा काढून टाकलं होतं. मी परत आलो. कसा आलो ते सांगतो, मग काय म्हणायचं ते म्हणा.

जन्म माझा कारखान्यातला. माझ्यासारखे हजारो एका दिवसात निघाले, तेलकट कागदात गुंडाळले गेले. मला दुकानातून उचललं ते अण्णांनी. अण्णा लेथवर काम करायचे. केसाच्या जाडीचा फरक हाताला नुसता लागला तरी कळायचा त्यांना. त्यांनी मला खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं, एक डोळा मिटून माझ्या ओठांच्या मधून पलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "जमेल."

एवढंच. अण्णा मुळातच कमी बोलणारे.

तेव्हापासून दर रविवारी सकाळचा पहिला चहा झाला की माझं झाकण उघडायचं. खरं तर महिना-दोन महिन्यांनी बघितलं तरी चालतं, पण अण्णांना कोण सांगणार? पॉलिश पेपरची बारीक चिंधी माझ्या ओठांतून ओढायची, मग फिलर गेजची ठरलेली पट्टी फटीत सरकवायची. फिलर गेज म्हणजे पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा, प्रत्येकीवर तिची जाडी कोरलेली. पट्टी आत गेली की अण्णा श्वास रोखायचे. आतून अण्णांच्या बायकोचा, म्हणजे आईंचा, आवाज यायचा, "दर रविवारी त्या गाडीच्या तोंडात बघतात. माझी दाढ महिना झाला ठणकतेय, ती दिसत नाही!"

अण्णांची दोन मुलं. थोरली ताई, घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचायची नोकरी करते. ही गाडी पुढे तिनेच चालवली. धाकटा बाळ्या. आता चाळिशीचा आहे, लिफ्ट दुरुस्त करतो, हाताखाली माणसं आहेत, तरी घरात बाळ्याच. लहान असताना तो माझ्या झाकणाशी उकिडवा बसायचा. बोट पुढे आलं की अण्णा म्हणायचे, "हात नको लावूस. फट बिघडेल." दोन-चार रविवार बसला, मग यायचा बंद झाला. लिफ्टच्या धंद्यात गेला तेव्हा अण्णांनी विचारलंसुद्धा नाही की तिथे काय करतोस.

मग एके सकाळी आरशासमोर दाढी करताना अण्णा खाली बसले ते स्वतःहून उठलेच नाहीत. अर्धा चेहरा साबणात होता. उजवी बाजू गेली, आणि बोलणंही. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बुजलीय. एकच शब्द तेवढा वाचला. "नाही."

चहा हवा का? "नाही," आणि कप घ्यायला डावा हात पुढे. पंखा लावू? "नाही," आणि मान होकाराची. आई डोळे पुसत पुसत हसायच्या. "पंचेचाळीस वर्षं माझ्या प्रत्येक बोलण्याला नाहीच म्हणत होते. फार काही बदललेलं नाही."

पाच महिने माझं झाकण उघडलं नाही.

या पाच महिन्यांत बाळ्याने गाडीला बाजूचा डबा जोडला, साइडकार, अण्णांना बसायला. त्यात घालून ताई त्यांना आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या केंद्रावर न्यायची. ठोकळ्यांवरून पाय उचल, चेंडू दाब, असले व्यायाम. अण्णा चेंडू घ्यायचे आणि खाली सोडून द्यायचे. व्यायाम घेणाऱ्या बाई ताईला म्हणाल्या, "उजवा हात राहू दे, पण डावाही फारसा वापरत नाहीत हो. तोही आखडेल अशाने."

इकडे मी झिजत होतो. माझी जी टाच त्या दांड्यावर घासते ती झिजली की फट आपोआप मिटत जाते. कोणी बघितलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. कोणी बघितलं नाही. आणि एक दिवस पुलाच्या चढावर, भर रहदारीत, माझे ओठ उघडेचनात. गाडी फुरफुरली आणि मेली. मागून भरलेला ट्रक येत होता. त्याचे ब्रेक किंचाळले. तो थांबला तेव्हा त्याच्या बंपरात आणि अण्णांच्या डब्यात हातभर अंतर होतं.

ती चूक माझी होती. मला कोणी पाहिलं नाही हे खरं, पण ट्रकला त्याचं काय? हे मी लपवत नाही. जो आपली चूक गिळतो त्याने ताठ मानेने बोलू नये, आणि मला ताठ मानेनेच बोलायचंय.

पुढच्याच रविवारी बाळ्या एक खोकं घेऊन आला. आत तेच ते इलेक्ट्रॉनिक: काळी डबी, तबकडी, लोहचुंबकाचा तुकडा आणि वायरी. अण्णांना त्याने स्टुलावर बसवलं आणि अगदी शांतपणे समजावलं. लिफ्टमध्ये त्याने माझ्यासारखे पॉइंट वर्षानुवर्षं घासलेत, जळलेले पाहिलेत, त्यांच्यापायी माणसं मजल्यांच्या मध्ये अडकलेली काढलीत.

"यात झिजायला काही नाही अण्णा. घासायचं नाही, फट बघायची नाही. एकदा बसवलं की विसरून जायचं."

"नाही," अण्णा म्हणाले.

"बाळ्या, ते नको म्हणतायत," ताई म्हणाली.

"ताई, ते जेवायलाही नाहीच म्हणतात आणि दोन वेळा जेवतात. पुलावर तू होतीस ना? मग तूच सांग मला काय करू."

ताई गाडीसमोरून बाजूला झाली.

बाळ्याने मला काढलं. काम स्वच्छ केलं, खोट काढायला जागा नाही. मला पत्र्याच्या डबीत टाकलं, सुटे स्क्रू आणि वायसरांच्या संगतीत, आणि डबी फळीवर ठेवली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. बाळ्याचा चेहरा उजळला. आणि मी खरं तेच सांगणार: गाडी माझ्या वेळेपेक्षा छान चालत होती. थंडीत, ओलीत, कधीही. त्या काळ्या डबीशी माझं भांडण नाही. तिने माझं काही वाकडं केलं नाही.

पण फळीवरून मला पहिल्यांदाच सगळी खोली दिसत होती, आणि खोलीत मला अण्णा दिसत होते. रविवारी पहिला चहा झाला की ते पाय ओढत गाडीपाशी यायचे. डाव्या हाताने झाकणाचे दोन स्क्रू काढायचे, त्यालाच खूप वेळ लागायचा. आत बघायचे. आत करण्यासारखं काहीच नसायचं. पुन्हा झाकण लावायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी त्यांनी फळीवरची डबी काढली. काढली कसली, पाडली. आम्ही सगळे फरशीवर पसरलो. अण्णा खाली बसले आणि त्यांनी मला शोधून खिशात घातलं. मग सुरू झालं.

एका हाताने काम करून बघा कधी. स्क्रू दातांत धरलेला. उजवा हात नुसता वजन म्हणून पान्यावर टाकलेला, जसा कागदावर दगड ठेवतात. काळ्या डबीची तबकडी निघायला तास गेला. एक स्क्रू घरंगळत कपाटाखाली गेला. अण्णा पालथे पडून तो काढत होते तेव्हा दारात ताई आणि आई उभ्या होत्या.

"जा ना गं, दे उचलून," आई कुजबुजल्या.

"नको आई."

"अगं पण..."

"नको म्हणते ना." ताईचे स्वतःचे हात मात्र ओढणीत पिळले जात होते.

मला माझ्या जागी ठेवलं. वायर जोडली. किकचा दांडा हाताने हळूहळू दाबत माझे ओठ पूर्ण उघडतील तिथे इंजीन आणायचं, आणि मग तोच हात सोडून पट्टी घालायची. हात सोडला की इंजीन हलायचं. पुन्हा दाबा. घाम त्यांच्या नाकावरून माझ्यावर पडत होता. मी मनात म्हणत होतो, अण्णा, डावीकडे, अजून जरा डावीकडे. माझं कोण ऐकतं!

ताईने किक मारली. काही नाही. अण्णांनी झाकण उघडलं. पुन्हा किक. सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकत सुटलं. अण्णांनी पुन्हा झाकण उघडलं. तिसऱ्या वेळी गाडी सुरू झाली, आणि नेमका तेव्हाच बाळ्या दारातून आत आला.

त्याने फरशीवरची तबकडी पाहिली. गाडी बंद केली.

"हे कोणी केलं?"

अण्णांचे हात काळे होते आणि ओठाला स्क्रू लागून रक्त आलं होतं. उत्तर त्यातच होतं.

"अण्णा, ट्रक हातभर अंतरावर थांबला होता. हातभर! पुढच्या वेळी नाही थांबला तर? जुन्या वस्तूची एवढी माया? आमच्यापेक्षा?"

"नाही!" अण्णांनी पाना जमिनीवर आपटला.

"गाडी मी चालवते," ताई पुढे झाली, "तर मला बोलू दे. तुझी डबी उत्तम आहे, मला तिचा काही त्रास नाही. पण पाच-सहा महिन्यांत त्यांनी तो चेंडू एकदा तरी दाबलाय का? आज चार तास झाले, बाळ्या. चार तास ते त्याच हाताने झटतायत. आणि तुझं ते विसरून जायचं... त्यांच्याकडे विसरायला दुसरं उरलंय काय?"

बाळ्या भिंतीला टेकला. मग येऊन स्टुलाशेजारी उकिडवा बसला. "दाखवा," म्हणाला. "फट बघू द्या मला. बरोबर नसेल तर मी काढणार."

ताईने झाकण काढून किकचा दांडा दाबून धरला, आणि त्याने फिलर गेज हातात घेतलं. अण्णांनी त्याचं मनगट पकडलं, त्याच्या चिमटीत पट्टी नीट धरवली आणि त्याचा हात माझ्याकडे आणला. पट्टी माझ्या ओठांत शिरली. अण्णांनी त्याचा हात हळूच मागे ओढला. पट्टी सुटली नाही, अडकलीही नाही. लोण्यातून सुरी यावी तशी, किंचित ओढ देत बाहेर आली.

"अरे!" बाळ्या म्हणाला. पुन्हा घातली, पुन्हा ओढली. "ही ओढ... अण्णा, हे तुम्ही मला कधी शिकवलंच नाहीत."

"नाही," अण्णा म्हणाले.

त्यांनी मान हलवली तीही नकाराची. आजारानंतर पहिल्यांदाच शब्द आणि मान एकच सांगत होते, आणि तो शब्द त्यांनी मुलाच्या डोळ्यांत बघून उच्चारला. बाळ्याने तोंड फिरवलं आणि तो उगाचच स्क्रू गोळा करू लागला.

त्यानंतर तोड निघाली. काळी डबी सीटखाली बांधलेली असते, वायरींना रंगीत चिकटपट्ट्या लावून. मी रस्त्यात दगा दिलाच तर ताई दहा मिनिटांत बदलू शकते. बाळ्याने तिच्याकडून सहा वेळा करून घेतलं. आणि अट एकच: रविवारी झाकण उघडल्याशिवाय गाडी पुलावर जायची नाही. म्हणून बाळ्याला दर रविवारी यावं लागतं. तो किकचा दांडा दाबून धरतो, अण्णा पट्टी घालतात. दोघांत मिळून तीन हात. आई म्हणतात, "आता दोघं बघतायत तिच्या तोंडात. माझी दाढ तर शेवटी काढून झाली."

अण्णांचं बोलणं परत आलेलं नाही. उजवा हात तसाच आहे. डावा मात्र गुंड्या लावतो, आणि व्यायामाच्या बाईंचा चेंडू त्यांच्याच अंगावर फेकतो.

माझं म्हणाल तर घासून घासून ओठ कागदासारखे झालेत. फळीवर नवा पॉइंट येऊन बसलाय, तेलकट कागदात. त्याला एवढंच सांगून ठेवलंय की घासतील तेव्हा कुरकुरायचं नाही. मी संपलो की मला खुशाल फेका, काचेच्या कपाटात मांडू नका. पण मला कुणी दयेपोटी ठेवलंय असं मात्र म्हणू नका. मला लक्ष लागतं, दर आठवड्याला कोणाचा तरी हात लागतो, आणि त्याची मला तसूभर लाज वाटत नाही. ज्याला हात लावावा लागत नाही अशी वस्तू तुम्हाला हवी असेल तर ती घ्या. ती चांगली आहे. मी तसा नाही आणि होणारही नाही.

चला, झाकण लावा. ताईने हेल्मेट घातलंय, अण्णा डब्यात बसलेत, आणि माझ्या पुढ्यात अजून पुलाचा चढ आहे.