झाकणावरची दरी

मित्रांनो, मी एक जुना, जाड फळ्यांचा पेटारा आहे. एका सुताराने मला फौजेसाठी बनवलं आणि मी सेनापतींच्या वाट्याला आलो. त्यांचं नाव सगळीकडे गाजत होतं, पण कौतुक व्हायचं ते फक्त त्यांच्या मनगटाचं. ते सावकाश बोलत. नकाशा पसरला की त्यावरची अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढे नाचू लागत. तंबूबाहेर अधिकारी हसायचे, "साहेबांच्या डोक्यात नुसता भुसा!" मला ते ऐकू यायचं. त्यांनाही यायचं.

एकदा नदीकाठी तळ पडला. सेनापतींनी टेहळ्यांना एकेक करून आत बोलावलं. "तू गेलास तशी वाट सांग. घाई नको." ते सांगत गेले आणि सेनापती सुरीने माझ्या झाकणावर नदी, डोंगर, पायवाटा कोरत गेले. फार दुखलं मला! मग डोळे मिटून ते त्या रेघांवरून बोट फिरवत राहिले. एका जागी बोट अडलं.

"पुढे दरी बंद होते," ते अधिकाऱ्यांना म्हणाले. "आत शिरलो तर कोंडले जाऊ. मागे फिरा."

"पण शत्रू पळतोय, साहेब!"

"म्हणूनच. तो आपल्याला आत ओढतोय."

सगळी फौज धडधाकट घरी पोहोचली. सेनापतींच्या नावावर मात्र 'शूर, पण मठ्ठ' असा शिक्का बसला.

ते गेल्यावर कुणी माझ्यात रजया ठेवल्या, कुणी कोळसा. शेवटी संग्रहालयात आलो, तर माझे व्रण लपवायला वर मखमल अंथरली. वर्षानुवर्षं मी अंधारात गप्प बसलो.

ती मखमल कुजली तेव्हा एक सुतार रंधा घेऊन आला. सोबत इतिहासाच्या बाई होत्या. सेनापतींवरचं जाडजूड पुस्तक त्यांचंच.

"एकदा रंधा मारला की आरशासारखं गुळगुळीत होईल बघा, बाई."

म्हणजे सेनापतींची दरीही भुश्शात जाणार! बाईंनी सहज हात टेकला. बोट एका रेघेत घसरलं आणि पुढे चालू लागलं.

"थांबा हो! नदीची ही दोन वळणं... ही बंद दरी... मी पायी फिरलेय इथे!" बाईंनी ती रेघ पुन्हा बोटाने तपासली. "सैन्य ताटकळत होतं आणि हा माणूस तंबूत लाकूड कोरत बसला होता, असं अधिकारी लिहून गेले. मी ते मठ्ठपणाचा पुरावा म्हणून छापलं. अहो, तो विचार करत होता!"

सुताराने रंधा पिशवीत टाकला. बाईंनी पुस्तक नव्याने लिहायला घेतलं.

आता माझ्या झाकणावर मखमल नसते आणि त्याला हात लावायला कुणाची मनाई नाही. काल एक मुलगी वडिलांबरोबर आली. शेजारची पाटी वाचताना ती अक्षराअक्षराला अडखळली, लाजली, आणि मग माझ्यावरून बराच वेळ हात फिरवत राहिली.

"चल, उशीर होतोय. काही कळलं का?" वडिलांनी विचारलं.

"सगळं कळलं, बाबा. थांबा, सांगते."

वडिलांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि ते ऐकू लागले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरचे ओरखडे घाईने पुसू नका. आणि सावकाश बोलणाऱ्याला त्याचं वाक्य पुरं करू द्या.