सोन्याच्या काठावरच्या रेघा

पूर्वीने तीन दिवस त्या काचेच्या भांड्याला कुणाला शिवू दिलं नव्हतं. तिच्या आईची, बेलपाड्याच्या शकूची, उभी हयात मिठागरात गेली होती. मीठ धरायला, म्हणजे त्याचे खडे बनायला लागले की पाण्यात पाय घालणाऱ्याची ती गय करत नसे. तीच शिस्त पूर्वीने पनवेलच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत आणली. सगळे हसले, हसोत बापडे. भांड्यातल्या द्रावणातून तळाशी सोन्याचे सपाट, तिकोनी स्फटिक धरले, केसाहून हजारपट पातळ.

अशा सोन्यावर लेझरचा उजेड पडला की पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन लाटेसारखे हेलकावतात. खडबडीत सोन्यावर ती लाट लगेच दम सोडते. पूर्वीने धरवलेल्या गुळगुळीत स्फटिकावर ती काठापर्यंत जाऊन परत फिरत होती, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या लाटा मिसळून, सुई फिरवून पृष्ठभाग टिपणाऱ्या मशीनच्या चित्रात काठाला समांतर रेघा उमटत होत्या.

तिचे मार्गदर्शक उदयसिंह सर म्हणाले, हा मशीनचा दोष. रेघा पुसून स्वच्छ चित्र प्रबंध तपासणाऱ्या समितीपुढे ठेव, नाहीतर प्रबंधावर माझी सही विसर. मीठ पिकवावं तसं संशोधन होत नसतं, असा टोमणाही मारला.

तो तिला झोंबला. पाच वर्षं त्या एका सहीवर टांगलेली होती. पण रेघा पुसल्या तर उरणार काय? नुसतं चकाकणारं सोनं, ते तर कुठल्याही सोनाराकडे मिळतं.

समितीपुढे तिने रेघांसकट चित्र ठेवलं. सर तिथेच कडाडले, मशीन बिघडलंय हे मी हिला बजावलं होतं. पूर्वी सगळ्यांना मशीनपाशी घेऊन गेली आणि स्फटिक तिरका फिरवून ठेवला.

"दोष मशीनचा असेल तर रेघा होत्या तशाच राहतील," ती म्हणाली. "लाटा असतील तर काठाबरोबर वळतील."

मशीनची सुई सोन्यावरून मुंगीच्या चालीने फिरू लागली. पडद्यावर आधी काठ आला, तिरका. मग पहिली रेघ, तीही तिरकी. दुसरी. समितीच्या आशालताबाई चष्मा पुसून पुढे सरकल्या. सरही वाकले आणि मशीनच्या टेबलावर हात टेकू लागले.

"हात नका लावू, सर," पूर्वी म्हणाली. "चित्र अजून धरतंय."

सरांनी हात मागे घेतला.