फ्लॅट शिल्लक नाही

भावेशभाईंचा फोन ठेवला तेव्हा चेतनला फारसं काही वाटलं नव्हतं. क्लायंट सांगेल ते करायचं, एवढंच तो शिकला होता. सुरतच्या एका छोट्या कंपनीत तो क्लाउडवर व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवून देई. प्लॅटफॉर्म तयार मिळे. त्यावर गिऱ्हाइकाला हवे ते फॉर्म आणि नियम बसवायचे. भावेशभाईंना कामरेजकडच्या आपल्या इमारतींत भाडेकरू ठेवायचे होते. त्यांची शेवटची मागणी अशी, की काही ठरावीक समाजांची आडनावं आली तर सॉफ्टवेअरनं आपोआप कळवावं, ‘फ्लॅट शिल्लक नाही.’

“कुणाला तोंडावर ‘ना’ म्हणायला नको,” ते हसत म्हणाले होते, “मशीनच सांगेल.”

चेतननं नियम बसवला. दुपारी भावेशभाईंना काम दाखवायचं होतं. त्याआधी वृषालीताई तपासायला बसल्या. चेतनला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी फॉर्ममध्ये स्वतःचंच नाव आणि आडनाव भरलं, बटण दाबलं.

‘क्षमस्व, फ्लॅट शिल्लक नाही.’

चेतनची कानशिलं तापली. “ताई, हे तुमच्यासाठी नव्हतं.”

“मग कोणासाठी होतं?”

ताईंनी आवाज चढवला नाही.

“माझे बाबा मिलमध्ये लागले, तेव्हा इथल्या पांडेसऱ्यात खोली शोधत हिंडत होते. नाव ऐकलं की लोक दार लावून घ्यायचे. एका घरमालकानंही तेच केलं. पण संध्याकाळी तो स्वतःच बाबांना शोधत आला. नाही म्हटल्यापासून त्याला घास गेला नव्हता. त्याच खोलीत माझा जन्म झाला. तुझ्या या नियमात त्या माणसाला जागा कुठे आहे, चेतन?”

“मी नाही केलं तर दुसरा कोणी करेल.”

“करू दे. त्याचं तो बघेल. तुझं तू बघ.”

काम दाखवताना कंपनीचे मालक प्रशांतसर शेजारीच बसले होते. स्क्रीनवरून भावेशभाई म्हणाले, “आता ते आडनावांचं दाखवा.”

चेतन म्हणाला, “ते मी काढून टाकलंय.”

“परत घाल,” सर दबक्या आवाजात म्हणाले.

“नाही, सर. भावेशभाई, ज्याला नाही म्हणायचंय, त्याला तुम्ही स्वतः फोन करून खरं कारण सांगा. तुमच्या वतीनं खोटं बोलणारं सॉफ्टवेअर मी बनवणार नाही.”

पलीकडून व्हिडिओ कॉल कट झाला.

“उद्यापासून येऊ नकोस म्हटलं तर?” सर रागानं म्हणाले.

“नाही येणार.”

सर ताडकन उठले. दाराकडे जाताना त्यांची नजर तपासणीपासून उघड्याच राहिलेल्या वृषालीताईंच्या स्क्रीनवर गेली. ताईंचं नाव, आणि त्याखाली तो नकार. सर तिथेच थबकले. कंपनी सुरू झाली त्या दिवसापासून ही बाई त्यांच्यासोबत होती!

“मला ती नुसती आडनावं वाटली,” ते कसंबसं म्हणाले आणि खुर्चीत बसले. “माफ करा, ताई.”

भावेशभाईंचं काम गेलं ते गेलंच. चेतनची नोकरी मात्र राहिली. असला नियम कुणालाही बनवून द्यायचा नाही, असं सरांनी साऱ्या ऑफिसला सांगितलं.

वाचकहो, समोरच्याच्या डोळ्यांत बघून नाही म्हणताना माणसाला निदान लाज तरी वाटते, आणि ती लाजच कधी कधी त्याला माघारी फिरवते. यंत्राला लाज नसते. ती यंत्र चालवणाऱ्यानंच बाळगायची असते.