मागच्या चाकाचे चार पॅच

"मोटारचं चाक आहे काका, आपण नाही हात लावत," पंक्चरच्या दुसऱ्या दुकानदारानंही तेच सांगितलं. "वायर तुटली तर निस्तरायचं कोणी? पुढे पुलाखाली एक जण आहे, तो करतो."

पूल दीड किलोमीटरवर होता. बॅटरीची सायकल चालवायला हलकी, पण ढकलायला घेतली की जीव काढते. तो ढकलत निघाला; मागचा टायर फतफत आवाज करत होता. वजनकाट्यावर त्याची ड्यूटी आठला सुरू व्हायची. एकतीस वर्षं भरलेल्या ट्रकांची वजनं करण्यात गेली होती, आणि उशीर त्याला ठाऊक नव्हता.

गाडी बायकोची. शाळेचे गणवेश शिवून ती दुकानांत पोचवायची, त्यासाठी तिनंच हौसेनं घेतलेली. मागच्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी म्हणून ती तीन महिन्यांकरता गेली. नातू आता तेरा महिन्यांचा झाला होता. भांडण वगैरे काही नव्हतं. मुलीची नोकरी होती, बाळाला सांभाळायला कोणी नव्हतं, आणि महिने वाढत गेले. गाडी पडून राहायला नको म्हणून तो वापरायला लागला.

पुलाखालच्या पंक्चरवाल्यानं आधी गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ही काकूंची गाडी ना?"

"हो. मी... त्यांचा नवरा."

"अरे, काट्यावरचे काका! बसा की."

त्यानं चाक काढलंच नाही. गाडी स्टँडवर चढवली, टायरची एकच बाजू पट्टीनं उचकटली आणि ट्यूब थोडी थोडी बाहेर ओढून तिच्यावर साबणाचं पाणी शिंपडत गेला. एका ठिकाणी बारीक बुडबुडे आले.

"सापडलं. म्हणजे हा पाचवा."

"पाचवा?"

"हे बघा ना. चार पॅच आधीचे, सगळे माझ्याच हातचे." त्यानं ट्यूबवर बोट ठेवलं. "हा तर भर उन्हातला. मागे गणवेशांचं हे एवढं गाठोडं, आणि गाडी ढकलताना काकूंचा पाय मुरगळलेला. म्हटलं, काकांना फोन लावा. तर म्हणाल्या, नको, त्यांचे ट्रक उभे असतात."

पायाचं त्याला आठवलं. ती लंगडत होती. त्यानं जेवता जेवता "काय झालं?" विचारलं होतं, ती "काही नाही" म्हणाली होती, आणि त्याला ते पुरलं होतं. पंक्चरचा तर घरात कधी विषयच निघाला नव्हता.

"मग पंक्चर निघेपर्यंत करायच्या काय इथे?"

"गप्पा! हसवून हसवून बेजार करायच्या. कसल्या नकला करतात हो काकू! गिऱ्हाइकांच्या, दुकानदारांच्या..." ट्यूब कानशीनं खरवडता खरवडता तो बोलून गेला, "तुमचीसुद्धा."

"माझी?"

पंक्चरवाला ओशाळला. मग खांदा कानाशी नेऊन, मान वाकडी करून, जाड आवाजात म्हणाला, "हं. बोल. लवकर बोल."

आणि स्वतःच खो-खो हसला. तोही हसला, जरा उशिरानं. चौतीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला नक्कल करताना एकदाही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वजनकाट्यावरून फोन आला. त्यानं तो वाजू दिला. पॅच सुकेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. मोटारीची वायर सांभाळत टायर पुन्हा रिमवर कसा चढवतात, तेही त्यानं नीट पाहून घेतलं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं फोन लावला.

"का हो? बरं आहे ना?" तिनं घाबरून विचारलं. एरवी रविवारी तीच करायची फोन.

"बरं आहे. तुझी गाडी पंक्चर झाली होती."

"मागचंच ना?"

"मागचंच."

"मग? पुलाखाली गेलात?"

"हो. चार पॅच दाखवले त्यानं."

पलीकडे तिनं बाळाला कडेवरून खाली ठेवल्याची चाहूल लागली.

"सांगितलं का नाहीस गं कधी?"

"त्यात काय सांगायचं? पंक्चर तर होतं. काढलं की झालं."

"पाय मुरगळला होता म्हणे."

"तो काय, दोन दिवसांत बरा झाला." मागे बाळानं काहीतरी आपटलं. "बरं, ठेवू का? सिंकमध्ये भांडी पडलीत."

तिला नक्कल करून दाखव म्हणावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण इतक्या वर्षांनी हे कसं मागतात, ते त्याला कळेना.

"राहू दे ना चालू," तो म्हणाला. "तू कर तुझं काम."

"आणि तुम्ही?"

"मी आहे इथेच."

मग तिनं फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, नळ सुरू झाला. ती एकेक भांडं घासून पालथं घालत होती. अंधारत चाललेल्या खोलीत, दिवाही न लावता, तो फोन कानाशी धरून ऐकत बसला.