फुलाबाईच्या ओवीतली रिकामी जागा

ठमाबाई लोणी भापकरहून बारामतीच्या ग्रंथालयात आल्या, त्या आईचा आवाज ऐकायला.

आईला, फुलाबाईला, जाऊन वीस वर्षं झाली होती. त्याआधी कधीतरी एक प्राध्यापक अंथुर्ण्याला, ठमाबाईंच्या माहेरी, जाऊन तिच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर भरून घेऊन आले होते. त्या आता इथं संगणकावर आल्यात, असं भावानं फोनवर सांगितलं होतं.

ग्रंथपाल अश्लेषानं त्यांना खुर्ची दिली. पदर मागं सारून हेडफोन बसवताना ठमाबाई सांगत राहिल्या, की आई पहाटे दळायची तेव्हा आपण तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजायचो, आणि झोप लागेस्तोवर कानावर यायची ती दोघा भावांचीच नावं.

“भावांच्या नावानं पीठ पडायचं बाई. माझ्या नावानं कोंडाबी न्हाय.”

बोलून त्या हसल्या. अश्लेषानं ओवी सुरू केली.

नीरंच्या पाण्यावानी संभाजी माझा शांत
झुंबर माझा पाट, पळतो शिवारात

आणि मग, त्याच घोगऱ्या गळ्यानं:

ठमा माझी लेक बाई, दुधावरली साय
तिच्यावाचून घराला शोभा काही न्हाय

ठमाबाईंचा हात तोंडावर गेला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही. पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा लावली. आय मला इसरली न्हवती, एवढंच त्या पुटपुटल्या.

अश्लेषाला मात्र खुर्चीत बसवेना. त्या दुसऱ्या ओवीशी टेप झिजलेली होती. तिथं एआयनं फुलाबाईचाच आवाज घेऊन शब्द भरले होते. मुलांची नावं त्याला कॅसेटसोबतच्या कार्डावर सापडली होती. ओव्या सलग ऐकू याव्यात म्हणून हे करायला तिनंच सांगितलं होतं. तशी नोंद करायची राहून गेली होती. आज गप्प बसलं, तर ही बाई सुखानं घरी जाईल, हेही तिला दिसत होतं.

“मावशी,” ती म्हणाली, “ती शेवटची ओवी तुमच्या आईची नाही. मशीननं रचलीय. चूक माझी आहे.”

ठमाबाईंनी हेडफोन एका कानावरून सरकवला.

“तरीच. आमच्या दारात म्हस कधी बांधली व्हती? आयनं साय बघितली कुठं?” मग हळूच, “मला कळलं व्हतं गं. पर गोड लागलं.”

खरं तिथं काय होतं, असं त्यांनी विचारलं. अश्लेषानं मूळ टेप लावली. झुंबरची ओळ संपली. मग नुसती खरखर, खाली जात्याची घरघर, आणि तिच्या तळाशी बाईमाणसाचा सूर. शब्द एकही लागत नव्हता. वीसेक सेकंद. ठमाबाईंनी हेडफोन दोन्ही तळव्यांनी कानांवर दाबून धरला.

“कायतरी म्हणतीया. कुणाला म्हणतीया, त्ये न्हाय कळत.”

मशीनची ओवी पुसू का, असं अश्लेषानं विचारलं. हवी असेल तर तुमच्यापुरती ठेवते, असंही म्हणाली.

“पूस. न्हाय घेतलं आसंल माझं नाव, तर न्हाय घेतलं. पर घेतलं आसंल, तर त्याला बसाया जागा नगं व्हय?”

अश्लेषानं ती ओवी पुसली. ठमाबाईंनी खुणेनंच सांगितलं, खरखर पुन्हा लाव.