बाईसाहेबांच्या सहीने

“कॅन्ससहून एक बाई आल्यात. बाईसाहेबांनी त्यांना चार पानी पत्र लिहिलं, म्हणतात. चार पानी! आपण तर चार ओळींवर बोळवण करतो,” शेजारच्या टेबलावरची कोरा हसत म्हणाली.

विनिफ्रेडने पेन खाली ठेवलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला येणाऱ्या पत्रांना उत्तरं द्यायची आणि खाली सहीही त्यांचीच ठोकायची, हे तिचं काम. व्हाइट हाउसमध्ये एकामागोमाग आलेल्या तीन बाईसाहेबांच्या सह्या तिने अशा गिरवल्या होत्या, की त्यांच्या नवऱ्यांनाही फरक कळला नसता. फक्त एकदाच, मुलगी गेलेल्या एका आईला ठरावीक मजकूर पाठवायला तिचा हात धजला नव्हता; ती चार पानं तिनेच लिहिली होती.

ती आई, अडेला प्रुइट, बाहेरच्या दालनात हॅट सावरत बसली होती. दोन वाजता बाईसाहेब रांगेतल्या पाहुण्यांशी हस्तांदोलन करणार होत्या.

“त्यांना रोज शेकडो पत्रं येतात हो. तुमचं आठवणार नाही कदाचित,” विनिफ्रेड चाचरत म्हणाली.

“असं कसं? स्वतःचं लेकरू कुणी विसरतं होय?” अडेलाने आवाज खाली आणला. “दुसऱ्या पानावर लिहिलंय त्यांनी. लेना. दोन वर्षांची होती, घटसर्पाने गेली. पेपरात कधी आलं नाही. मीसुद्धा कुण्णाला बोलले नाही बघा.”

खरं सांगावं तर या बाईचा आधार जायचा, वर नोकरीही. न सांगावं तर आत भलताच घोळ. ऑफिसात सगळे विनिफ्रेडला ‘मिस’ म्हणत. लेना तिचीच लेक होती हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. ते नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकून रडू येतंय की बरं वाटतंय, हेही तिला कळेना. तेवढ्यात दोन वाजले आणि रांग आत सरकली.

विनिफ्रेड दाराशीच थांबली. अडेलाने बाईसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरला.

“तुमच्या लेनासाठी मी रोज प्रार्थना करते.”

बाईसाहेब क्षणभर गोंधळल्या. मग सवयीने हसून म्हणाल्या, “फार आभारी आहे,” आणि पुढच्या पाहुण्याकडे वळल्या.

लेना गेल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत तिच्यासाठी कुणी पहिल्यांदाच दोन शब्द बोललं होतं.

अडेला डोळे टिपत बाहेर आली. “किती सोसलंय हो त्यांनी!”

विनिफ्रेडने मान हलवली आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.